‘असं’ म्हणजे कसं

अमरावतीत मी ज्या घराची मागची खोली भाड्याने घेऊन राहत होते, त्या घरच्या ताईंनी मला इंग्रजीत सांगायला शिकवलं. आधी त्यांचं लिहिते, मग बाकीचं. त्या पुढच्या खोलीत शिकवणी घेत. पाचवीपासून दहावीपर्यंतची पोरं सतरंजीवर दाटीवाटीने बसत आणि ताई प्लास्टिकच्या खुर्चीवर, एक पाय दुमडून, हातात खडू घेऊन. माझ्याकडून त्यांनी शिकवणीचं काही घेतलं नाही. घ्याल का, असं मी विचारलं होतं. तर म्हणाल्या, "तू कोणत्या वर्गात आहेस ते सांग, मंग वर्गाप्रमाणं घेतो."

मी कोणत्याच वर्गात नव्हते. विषय तिथंच संपला.

हे मी तमिळनाडूतल्या एका कापडाच्या गावात बसून लिहिते आहे. इथल्या कारखान्यात नव्याने आलेल्या बायकांना मी शिवणकाम शिकवते. अजूनही सकाळी फाटकातून आत जाताना वाटतं, की आज कोणीतरी थांबवून विचारेल, बाई, तुमचं शिक्षण किती. अजून कोणी विचारलेलं नाही. तरी उत्तर तयार ठेवते.

आमचं गाव अकोटजवळ. घरची थोडी काळी जमीन, तिच्यात फुलं. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. नववीनंतर माझी शाळा सुटली. भांडण झालं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. आईला कमरेचं दुखणं निघालं आणि फुलं तोडायला, हार करायला घरात एक माणूस हवं होतं. या वर्षापुरतं घरी राहा, असं ठरलं. पुढच्या वर्षी शाळेत जायची मला लाज वाटली, कारण बरोबरच्या पोरी दहावीत आणि मी पुन्हा लहानांत. तशीच राहिले. पुढे नांदगाव पेठच्या एमआयडीसीत शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यात पोरी घेत आहेत असं कळलं, तेव्हा अमरावतीला आले.

कारखान्यात मी खिसा लावायची. शर्ट एकजण शिवत नाही. एक बाई कॉलर करते, एक बाही जोडते, एक बटणपट्टी, आणि पीस पुढे पुढे सरकत जातो. माझ्यापुढे शर्टाचा डावा भाग आणि खिशाचा तुकडा यायचा. खुणेवर खिसा ठेवायचा, तीन बाजू शिवायच्या, पुढे सरकवायचं. हात बसला होता. मशीनकडे न बघता शिवते, असं शेजारची म्हणायची. खरं नव्हतं ते, बघत होते.

त्या पगारातून धाकट्या बहिणीचं चाललं होतं. ती अकोल्याला नर्सिंगला होती, मुलींच्या होस्टेलात. एवढ्यात सुपरवायझरने सांगितलं, की हातातली ऑर्डर संपली की आमची लाइन बंद होणार. ज्यांना दुसऱ्याला शिकवता येतं अशा दोघींना तेवढं ठेवतील आणि दक्षिणेकडच्या मोठ्या कारखान्यात पाठवतील. तिथं हिंदी चालत नाही, मराठी तर नाहीच. काम इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. मोठं इंग्रजी नको, कामापुरतं.

मला दुसरं काही दिसेना. मी घरी परत गेले असते तर आईने ठेवून घेतलंच असतं. पण मग बहीणही परत आली असती, या वर्षापुरती. आमच्या घरात या वर्षापुरतं म्हणजे किती, ते मला माहीत होतं.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या गवार मोडत होत्या. म्हणाल्या, "इंग्रजी किती येते?"

"वाचता येते. बोलता नाही येत."

"कामाचं नाव येते का? शिवणं, धरणं, उचलणं?"

ते येत होतं. स्टिच, होल्ड, लिफ्ट, टर्न, पुल. कारखान्यात कानावरून जायचं.

"मंग क्रियापदं आहेत तुझ्यापाशी," ताई म्हणाल्या. "आता क्रियाविशेषणं घे. शिकवणाऱ्याले तेच लागते. काय करायचं, हे तर मशीनसमोर बसली की कोणालेही कळते. कसं करायचं, कुठं, केव्हा, किती वेळा, हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. आता तू गवार मोडू लागली तर मी तुले काय म्हणीन? मोड, असं म्हणीन का? बारीक मोड, लवकर मोड, इथं टाक. त्यातलं मोड आन टाक सोडून बाकी सगळं तेच."

मी गवार मोडायला बसले आणि शिकवणी सुरू झाली.

रोज संध्याकाळी पोरं गेली की ताई फळा पुसायच्या नाहीत, कोपऱ्यात माझ्यासाठी जागा करायच्या. स्लो म्हणजे हळू असणारा, स्लोली म्हणजे हळू. केअरफुल, केअरफुली. इव्हन, इव्हनली. मी म्हटलं, म्हणजे शेवटी ली लावलं की झालं. ताई म्हणाल्या, बहुतेक वेळा झालं, सगळ्या वेळा नाही. फास्टला ली लागत नाही. स्ट्रेटलाही नाही. हार्ड म्हटलं तर जोराने, आणि त्यालाच ली लावलं तर जवळजवळ नाहीच, म्हणून ते तू सध्या तोंडात आणू नको. फर्स्ट, देन, हिअर, अगेन यांना तर काहीच लावायचं नाही, तीही क्रियाविशेषणंच. ऑलवेज आणि नेव्हर क्रियापदाच्या आधी. ऑलवेज चेक द नीडल. नेव्हर पुल द क्लॉथ. कसं ते सांगणारा शब्द बहुधा शेवटी. स्टिच स्लोली.

माझी सवय दोनदा म्हणायची होती. स्लो स्लो, फास्ट फास्ट. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आपल्यात तसंच आहे, हळूहळू, भरभर, पटपट. तिकडं एकदाच म्हणतात.

मी ते कंपनीच्या बसमध्ये पाठ करायची, मशीनवर पाठ करायची. ओठ हलताना शेजारच्या मशीनवरच्या बाईने पाहिलं. ती बडनेऱ्याची, वयाने मोठी, तोंडाची फटकळ.

"काहून वं, जप करून राहिली का?"

"इंग्रजी आहे."

"कसं शिवते मंग तू? इंग्रजीत सांग."

"आय स्टिच केअरफुली."

"आन मी? फास्टली?"

"फास्टली नसते. नुसतं फास्ट."

"का वं? सगळ्याईले शेपटी, त्यालेच काहून नाही?"

"ताई म्हणे, त्याले नाही."

"बिचारं," ती म्हणाली आणि धागा तोडला.

त्या दिवसापासून लाइनीत ते सुरू झालं. डबा उघडला की कोणीतरी म्हणे, "भाकर केअरफुली खा वं, ठसका लागते." पाणी प्यायला उठले की, "स्लोली जा, सुपरवायझर पाहून राहिला." मला राग येत नव्हता. उलट शब्द जास्त पक्के झाले. पण रात्री अंगावर पांघरूण घेतलं की वाटायचं, सगळ्यांना माहीत झालं आहे, आता नापास झाले तर सगळ्यांसमोर होणार.

परीक्षा घ्यायला दक्षिणेकडून एक मॅडम आल्या. सुती साडी, केसात मोगरा, गळ्यात मोजायची टेप. त्यांनी बरोबर एक मुलगी आणली होती. तिला मशीन चालवता यायची, पण खिसा लावता येत नव्हता, आणि आमची भाषाही येत नव्हती. आम्ही ज्या पाचसहाजणींनी नाव दिलं होतं, त्यांनी एकेक करून तिच्याशेजारी उभं राहायचं आणि तिच्याकडून खिसा लावून घ्यायचा. बस्स, एवढंच.

माझी पाळी आली. मी सुरुवात चांगली केली. फर्स्ट, पुट द पॉकेट हिअर. तिने ठेवला. खुणेपासून जरासा सरकला. मी म्हटलं, नो, आणि हाताने सरळ केला. देन, स्टिच स्लोली. तिने शिवायला घेतलं. कापड ओढायला लागली. ओढलं की शिलाईला चुण्या पडतात, हे मला दिसत होतं. माझं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "लाइक धिस," आणि माझा हात तिच्या हातावर गेला. मॅडम म्हणाल्या, हॅन्ड्स डाउन. मी हात खाली घेतले. कोपरा आला. कोपऱ्यावर सुई कापडातच ठेवून थांबायचं, कापड दाबून धरणारं फूट उचलायचं, कापड वळवायचं. ती न थांबता निघाली. मी तिच्या खांद्याला धरून बाजूला केलं, अर्ध्या स्टुलावर टेकले आणि खिसा लावून टाकला.

खिसा सुरेख लागला होता. मॅडमनी तो उजेडात धरला, टेप लावली, मान हलवली. मग त्या मुलीकडे बोट करून हळू इंग्रजीत म्हणाल्या, खिसा छान आहे, पण ही काहीच शिकली नाही.

मला वाटलं मीच एकटी अशी. पण नंतर बाकीच्यांची पाळी बघितली तर सगळ्यांनी तेच केलं. एकीने तर बोलायला सुरुवातही केली नाही, थेट "सरक" म्हणाली आणि बसली. बडनेऱ्याची बाई दाराजवळून बघत होती. जेवताना म्हणाली, "त्या मॅडमले अमरावतीत फुकटात खिसे लावून भेटले. पोरीले मात्र खिसा आला नाही."

मॅडमनी कोणालाच घेतलं नाही. सुपरवायझरला सांगितलं, की दिवाळीनंतर पुन्हा येते, तोपर्यंत तयारी करा.

मी घरी येऊन ताईंना सांगितलं, मला शब्द आठवले नाहीत. ताईंनी मला तिथंच उभं करून विचारलं. जेन्टली? इव्हनली? सगळं आलं. "शब्द येतात तुले," त्या म्हणाल्या. "मंग तिथं काय झालं?"

मी काय झालं ते हाताने दाखवायला लागले. ताई माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"तुले हार करायला कोणं शिकवलं?"

"आईनं."

"काय म्हणून शिकवलं?"

मी आठवून पाहिलं. काहीच म्हणून नाही. आई ओट्यावर बसायची, मी शेजारी. माझ्या हातून चुकलं की ती सुईदोरा काढून घ्यायची, दोन फुलं ओवून दाखवायची, परत द्यायची. "असं." एवढाच शब्द. पुन्हा चुकलं की पुन्हा काढून घ्यायची. आमच्याकडे सगळे असंच शिकतात. निंदण, भाकरी, दूध काढणं. समोरच्याच्या हातातून घेऊन करून दाखवायचं, त्याने पाहायचं. तोंडाने सांगत बसणारा माणूस आमच्या गावात बडबड्या ठरतो.

ताईंनी मला तेव्हाच आईला फोन लावायला सांगितला.

"आई, हार कसा करतेत, सांग बरं."

"आता तुले येत नाही का?"

"येते. तू बोलून सांग."

"कसा म्हंजे काय? असा करतेत."

"आई, फोनवर असा दिसत नाही."

"मंग घरी ये, दाखोतो," आई म्हणाली. मग विचारलं, "पोरी, तुयी तब्येत बरी हाये ना?"

फोनमधला आवाज ऐकून ताई हसायला लागल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याजवळ असं हा एकच शब्द होता आणि त्याले हात लागतात. आता हात बांधू."

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी चौकातून शेवंतीची फुलं आणली, वाटीत सुई आणि दोरा घेतला आणि ओट्यावर बसल्या. मला समोर बसवलं, दोन्ही हात मांडीखाली घालून. त्यांना हार करता येत नव्हता. आयुष्यभर विकतचा घेतला, म्हणाल्या. मी सांगायचं, इंग्रजीतच, आणि त्या करणार. मी जेवढं म्हणेन तेवढंच करणार.

मी म्हटलं, टेक द फ्लॉवर. त्यांनी घेतलं. पुट द नीडल. त्यांनी सुई परत वाटीत ठेवली.

"नो, इन द फ्लॉवर."

त्यांनी पाकळीत घुसवली. पाकळ्या ओट्यावर पडल्या. माझे हात मांडीखालून निघाले. ताईंनी नुसतं पाहिलं. मी हात परत आत घातले.

"हाऊ?" ताई म्हणाल्या. "वेअर?"

हेच दोन शब्द त्या दुपारभर म्हणत होत्या. कसं, कुठं. मी काही म्हटलं की, हाऊ? आणि मला पहिल्यांदा ते शब्द फळ्यावरून नाही, गरजेतून आठवायला लागले. सुई पाकळीत जाते आहे म्हणून डीपली. देठापासून सरळ वर यायला पाहिजे म्हणून स्ट्रेट. फूल फाटतं आहे म्हणून जेन्टली. दोरा इतका ओढला की फुलं चेंगरली, तेव्हा नॉट सो टाइटली, हे तर मी पाठही केलं नव्हतं, आपोआप आलं. ताई मुद्दाम चुकत होत्या की खरंच येत नव्हतं, ते मला अजून माहीत नाही. घाम फुटला. खिसे लावताना मला कधी घाम आला नाही.

लवकर आलेल्या शिकवणीच्या पोरी फाटकात उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, "ताई, तुमालेच शिकवणी लागली का?"

"लागली नं," ताई म्हणाल्या. "आन मास्तरीण कडक हाये."

त्या पहिल्या हाराचा आकार दोडक्यासारखा झाला. मध्येच जाड, मध्येच बारीक. ताईंनी तो दाराला लावला. मला तो दिवसभर टोचत होता, जाता येता हात शिवशिवायचे. सोडून पुन्हा करावासा वाटायचा. ताई म्हणाल्या, लावू नको हात, मी केला आहे.

मग दर सुट्टीला तेच. कधी हार, कधी त्यांच्या परकराची नेफापट्टी, कधी भाकरी. भाकरी तर ताईंना माझ्यापेक्षा चांगली यायची, पण न येणाऱ्या बाईसारखी थापायच्या आणि मी हात मांडीखाली घेऊन, स्लोली, इव्हनली, नाऊ टर्न इट क्विकली. एकदा हार करताना त्या म्हणाल्या, "कौंडण्यपूरले दरवर्षी जातो मी कार्तिकात. रुक्मिणीले घातलेला हार दरवर्षी दुकानातलाच. यंदा आपल्या हातचा न्यावा म्हणतो." पण त्यांना शेवटची गाठ येत नव्हती. दोन टोकं जोडून गाठ मारायची आणि खाली तुरा लटकवायचा, तो त्यांच्या हातून सुटून जायचा. मी म्हटलं, परीक्षा झाली की ते पक्कं करू.

मॅडम दिवाळी झाल्यावर लगेच आल्या. बरोबर वेगळी मुलगी होती. मी तिच्याशेजारी उभी राहिले, हात पाठीमागे घेतले आणि पाठीमागेच ओढणीचं टोक घट्ट धरलं. फर्स्ट, पुट द पॉकेट एक्झॅक्टली ऑन द मार्क. तिने ठेवला, सरकला. अ लिटल लेफ्ट. तिने सरकवला. नाऊ स्टिच स्लोली. डोन्ट पुल. होल्ड द क्लॉथ जेन्टली. ती ओढायची थांबली.

कोपऱ्याजवळ मला दिसलं की ती थांबणार नाही. दोन्ही हात ओढणीसकट पुढे यायला निघाले. मी इतक्या जोराने धरलं की ओढणी खांद्यावरून घसरून खाली पडली. स्टॉप हिअर, मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. ती थांबली. नीडल डाउन. नाऊ लिफ्ट द फूट. टर्न द क्लॉथ स्लोली. स्टॉप. नाऊ स्टिच स्ट्रेट. ती शिवत गेली. दुसऱ्या कोपऱ्यावर मी काहीच म्हटलं नाही. ती आपणहून थांबली, सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

खिसा किंचित तिरका लागला होता. मी लावला असता तर तसा लागला नसता, आणि तो तसाच मॅडमच्या हातात जाताना बघणं मला अवघड गेलं. मॅडमनी टेप लावली. म्हणाल्या, तिरका आहे, दिसलं का तुला? मी म्हटलं, यस मॅडम, अ लिटल. त्यांनी दुसरा पीस त्या मुलीपुढे ठेवला आणि मला दूर उभं राहायला सांगितलं. ती एकटीच शिवू लागली. दोन्ही कोपऱ्यांवर थांबली. तो सरळ आला.

दोघींना घेतलं. एक मी. दुसरी ती, जी मागच्या वेळी "सरक" म्हणाली होती. तिला मीच लाइनीत डब्याच्या वेळी हात बांधून बसवायची आणि बडनेऱ्याची बाई शिकणारी होऊन मुद्दाम उलटं सुलटं करायची. त्या बाईने तर निरोपाच्या दिवशीही सोडलं नाही. "तिकडं स्लोली जा," म्हणाली, "आन वापस फास्ट ये. नुसतं फास्ट. शेपटी नाही."

जायचं इतक्या घाईने ठरलं, की ताईंची गाठ राहून गेली. ताई बडनेऱ्याला गाडीवर सोडायला आल्या. मी रडले, त्या नाही. त्यांनी खिडकीतून डबा दिला आणि विचारलं, गाडीत डबा कसा खायचा? मी म्हटलं, स्लोली. "आन रोज काय करायचं?" ऑलवेज कॉल होम. गाडी हलली.

त्या कार्तिकात त्यांनी देवीला दुकानातलाच हार नेला. फोनवर विचारलं तेव्हा सहज सांगितलं. मला दिवसभर काम सुचलं नाही.

बहीण अकोल्यालाच आहे. तिसऱ्या वर्षाला गेली. इथल्या बायकांना मी आता इंग्रजीबरोबर थोडं तमिळही सांगते. हळूला त्या ‘मेदुवा’ म्हणतात, आणि कामात गुंतल्या की दोनदा म्हणतात, मेदुवा मेदुवा, आमच्यासारखंच. ते ताईंना कळवलं तर फार खूश झाल्या. माझे हात अजूनही पुढे जातात. मग ओढणी धरते.

ताई, तुम्ही हे वाचाल तेव्हा चुका काढाल, त्या काढा. माझं तुमच्याकडे राहिलेलं एवढंच सांगून ठेवते. कार्तिकात मला सुट्टी मिळेल त्या वर्षी मी आधी अकोटला उतरेन, आमच्या वावरातली शेवंती पहाटे तोडून ओल्या फडक्यात बांधून आणेन, आणि तुमच्या ओट्यावर तुमच्यासमोर बसेन. हार तुम्ही करायचा, शेवटची गाठ आणि तुराही तुम्हीच. मग कौंडण्यपूरला बरोबर जाऊ. कितीही वेळ लागला तरी मी हात मांडीखालून काढणार नाही.